स्थानिक जाळ्यातील जोडणीदोष व त्यांचे निवारण

एकाच खोलीतील, इमारतीतील किंवा आवारातील संगणक, प्रिंटर आणि तत्सम उपकरणे परस्परांशी जोडून तयार होणाऱ्या संगणक-जाळ्यास स्थानिक जाळे किंवा लॅन असे म्हणतात. अशा जाळ्यातील एखादा संगणक इतर संगणकांशी, सामायिक प्रिंटरशी किंवा मध्यवर्ती सर्व्हरशी संपर्क साधू शकत नसेल, तर त्या स्थितीस जोडणीदोष म्हणतात. दोष तारेत, उपकरणात, संगणकाच्या पत्त्यात, प्रणालीच्या मांडणीत किंवा सुरक्षा-व्यवस्थेत असू शकतो. पडद्यावर मात्र त्याचे रूप बहुधा एकसारखेच दिसते. त्यामुळे अंदाजाने एकेक वस्तू बदलत जाण्यापेक्षा ठराविक क्रमाने तपासणी करून दोषाचे स्थान निश्चित करणे ही या विषयातील मूलभूत पद्धत मानली जाते.

स्थानिक जाळे आणि इंटरनेट या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंटरनेट बंद असतानाही स्थानिक जाळे व्यवस्थित चालू शकते. बोलीभाषेत दोन्ही प्रसंगी ‘नेट चालत नाही’ किंवा ‘सर्व्हर डाऊन आहे’ असेच म्हटले जाते. या सरमिसळीमुळे कार्यालयातल्या कार्यालयात दुरुस्त होण्याजोगा दोषही अनेकदा बाहेरच्या यंत्रणेवर ढकलला जातो आणि कामासाठी आलेल्या नागरिकास परत जावे लागते.

इतिहास

स्थानिक जाळ्यांत सर्वाधिक प्रचलित असलेल्या ईथरनेट या तंत्राची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात मांडली. अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते प्रत्यक्षात आणले. १९८३ मध्ये त्यास ८०२.३ या क्रमांकाचे मानक लाभले. या कार्यासाठी मेटकाफ यांना २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. आरंभी सर्व संगणक एकाच जाड तारेवर जोडले जात. पुढे पिळाच्या जोड्या असलेली तार आणि मध्यभागी स्विच अशी तारकाकृती मांडणी रूढ झाली. आज शाळा, बँका आणि कार्यालये यांत हीच मांडणी आढळते.

भारतात १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाधारित जाळ्याद्वारे जिल्हा मुख्यालये जोडली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्याच्या सुमारे ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प वारणानगर येथील सहकारी संस्थांच्या सहभागाने हाती घेण्यात आला. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांतही संगणक-प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. अशा केंद्रांतील दहा-वीस संगणकांची प्रयोगशाळा हे ग्रामीण भागातील असंख्य विद्यार्थ्यांना पाहावयास मिळालेले पहिले स्थानिक जाळे होते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली.

तालुका पातळीवरील महत्त्व

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण अरुणावती नदीच्या काठी, नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. अशा गावी तहसील कार्यालय, नगरपरिषद, बँका, शाळा-महाविद्यालये आणि आपले सरकार सेवा केंद्रे यांचे दैनंदिन कामकाज संगणकांवर चालते. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाला. पीककर्ज, पीकविमा, शिष्यवृत्ती, जातीचे व उत्पन्नाचे दाखले या सर्वांसाठी कागदपत्रांची देवाणघेवाण संगणकावरूनच होते. दूरच्या डेटा केंद्रातून शेकडो किलोमीटर अंतर कापून आलेली माहिती कार्यालयातील शेवटच्या दहा-पंधरा मीटर तारेत अडली, तर खेड्यातून एसटीने आलेल्या शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. अर्जाची अखेरची तारीख असेल, तर नुकसान दिवसापुरतेही मर्यादित राहत नाही.

बारावीच्या माहिती तंत्रज्ञान या विषयाची परीक्षा संगणकावर घेतली जाते. तीत विद्यार्थ्याच्या संगणकाची परीक्षा-सर्व्हरशी असलेली जोडणी निर्णायक ठरते. यवतमाळपासून सुमारे ४० किलोमीटर दूर असलेल्या गावी तंत्रज्ञ तत्काळ पोहोचेलच असे नाही. म्हणून शिक्षक, लिपिक आणि केंद्रचालक यांना प्राथमिक दोषशोधनाचे ज्ञान असणे व्यवहारतः आवश्यक ठरते.

जाळ्याचे घटक

दोष शोधण्यापूर्वी पुढील घटकांची ओळख असावी लागते.

नेटवर्क कार्ड : संगणकास जाळ्याशी जोडणारा भाग. आजच्या बहुतेक संगणकांत तो मदरबोर्डवरच असतो. प्रत्येक कार्डास ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो.

केबल : आठ तारांची, म्हणजे पिळाच्या चार जोड्यांची केबल. तिच्या दोन्ही टोकांना आठ पिनांचे कनेक्टर बसवतात. तांब्याच्या अशा केबलची कमाल लांबी १०० मीटर आहे.

स्विच : आवारातील सर्व केबली एकत्र आणणारे उपकरण. कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे लक्षात ठेवून ते माहिती योग्य पोर्टवर पाठवते.

राउटर : स्थानिक जाळ्यास बाह्य जाळ्याशी जोडणारे उपकरण. लहान कार्यालयांत राउटर, स्विच आणि वाय-फाय ही तिन्ही कामे एकच पेटी करते.

आयपी पत्ता : जाळ्यातील संगणकाची ओळख सांगणारा, चार भागांत लिहिला जाणारा अंक, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. खाजगी जाळ्यांसाठी १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या कक्षेतील आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत.

सबनेट मास्क : पत्त्याचा कोणता भाग जाळ्याचा आणि कोणता भाग त्यातील संगणकाचा हे ठरवणारा अंक. गाव एकच असले तर चिठ्ठी हातोहात पोहोचते आणि गाव वेगळे असले तर ती टपाल कार्यालयातून जाते. समोरचा संगणक आपल्या गावचा की परगावचा, हा निर्णय सबनेट मास्कवरून होतो.

गेटवे : परगावच्या पत्त्यावरील माहिती ज्याच्याकडे सोपवायची तो पत्ता. बहुधा तो राउटरचा असतो.

डीएचसीपी : जाळ्यात येणाऱ्या संगणकास आपोआप पत्ता देणारी व्यवस्था. संगणक हाक देतो, डीएचसीपी सर्व्हर पत्ता देऊ करतो, संगणक तो मागून घेतो आणि सर्व्हर त्यास दुजोरा देतो, अशा चार पायऱ्यांत हे काम होते. पत्ता ठराविक मुदतीच्या भाड्याने मिळतो.

डीएनएस : नावाचे आयपी पत्त्यात रूपांतर करणारी व्यवस्था.

दोषाची व्याप्ती ठरवणे

तपासणीस हात घालण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

पहिला प्रश्न, दोष एका संगणकापुरता आहे की सर्वांना? एकच संगणक बंद असेल तर त्याची केबल, कार्ड किंवा मांडणी संशयास्पद ठरते. एका रांगेतील सर्व संगणक बंद असतील तर त्या रांगेच्या स्विचकडे पाहावे. सर्वच बंद असतील तर मुख्य स्विच, राउटर किंवा वीजपुरवठा यांपैकी एकात दोष असण्याचा संभव अधिक असतो.

दुसरा प्रश्न, नेमके काय चालत नाही? संकेतस्थळ उघडत नसले तरी शेजारच्या संगणकावरील फोल्डर उघडत असेल, तर स्थानिक जाळे ठीक आहे. फोल्डर उघडत असून केवळ छपाई होत नसेल, तर दोष प्रिंटरच्या मांडणीत आहे.

तिसरा प्रश्न, शेवटी सुरळीत चालले त्यानंतर काय बदलले? टेबल सरकवणे, साफसफाई, वीज जाणे, नवे अँटिव्हायरस बसवणे, प्रणालीचे अद्यतन होणे, नवा राउटर जोडणे यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा घडलेले असते.

तपासणी करताना एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. उपयोग झाला नाही तर मूळ मांडणी परत आणूनच पुढे जावे. एकदम चार बदल केल्यास कोणत्या बदलाने दोष गेला हे कळत नाही आणि एखादा नवा दोषही निर्माण होतो.

तपासणीचा क्रम

१. भौतिक जोडणी

केबलच्या दोन्ही टोकांशी, म्हणजे संगणकाच्या पोर्टवर आणि स्विचवर, लहान दिवे असतात. दिवा अजिबात लागत नसेल तर प्रणालीची मांडणी तपासण्यात अर्थ नाही, कारण विद्युत्-संकेतच पोहोचत नाही. कनेक्टर काढून पुन्हा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवावा. कनेक्टरची प्लास्टिकची कळ तुटलेली असल्यास तो थोड्या धक्क्यानेही सैल होतो. त्यानंतर चालू असलेल्या शेजारच्या संगणकाची केबल बंद संगणकास लावून पाहावी. दिवा लागला तर दोष मूळ केबलमध्ये किंवा स्विचच्या पोर्टमध्ये आहे. लागला नाही तर तो संगणकाच्या कार्डात आहे. पोर्ट बदलून पाहिल्यास उरलेला संशयही मिटतो. अशा रीतीने कोणत्याही साधनाविना दोषाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

कनेक्टरमधील तारांचा रूढ क्रम पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. काही जण रंगांच्या जोड्या सरळ ओळीने लावतात. दोन्ही टोकांना तोच चुकीचा क्रम असल्यास साधा टेस्टर केबल योग्य असल्याचे दाखवतो. प्रत्यक्षात मात्र तिसरी आणि सहावी तार एकाच पिळातील राहत नाहीत आणि संकेतांची परस्परांत मिसळ होते. अशी केबल दोन मीटर लांब असताना चालते, पण तीस मीटर झाली की अडखळते. ‘टेस्टर पास, तरी नेट नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीस चारच तारा लागतात, तर एक गिगाबिट वेगास आठही तारा लागतात. त्यामुळे एखादी तार तुटल्यास काही वेळा जोडणी पूर्णपणे न जाता केवळ मंदावते. गिगाबिटची उपकरणे असून जोडणीचा वेग १०० दिसत असेल, तर केबल किंवा कनेक्टर तपासावा.

२. नेटवर्क कार्ड आणि ड्रायव्हर

केबल व स्विच ठीक असूनही प्रणालीला जोडणी दिसत नसेल, तर कार्ड बंद केलेले आहे का, हे नियंत्रण-पटलात पाहावे. विंडोज नव्याने बसवल्यावर कार्डाचा ड्रायव्हर नसल्यास जोडणीचे चिन्हच दिसत नाही. अशा वेळी दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हने ड्रायव्हर आणावा. लॅपटॉपमध्ये वाय-फायचे स्वतंत्र बटण किंवा विमान-अवस्था चुकून चालू झाल्याचेही आढळते.

३. आयपी पत्ता

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्ट या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन लिपीत टंकित केल्यास संगणकाचा पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे दिसतात. लिनक्समध्ये ‘आयपी अ‍ॅड्रेस’ या आज्ञेच्या रोमन संक्षेपाने हेच काम होते. दिसणाऱ्या पत्त्याचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास संगणकाने डीएचसीपीला हाक दिली, पण उत्तर आले नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असा अर्थ होतो. डीएचसीपी देणारा राउटर बंद असणे, मधली केबल तुटणे किंवा वाटपासाठीचे पत्ते संपणे ही याची कारणे होत. विद्यार्थ्यांचे भ्रमणध्वनी प्रयोगशाळेच्या वाय-फायला जोडले गेले की पत्ते लवकर संपतात.

पत्ता इतर संगणकांपेक्षा वेगळ्या कक्षेतील असल्यास, उदाहरणार्थ इतरांचा १९२.१६८.१ ने आणि याचा १९२.१६८.० ने सुरू होत असल्यास, जाळ्यात दुसरा राउटर जोडला गेल्याचा संशय घ्यावा. वाय-फायची रेंज वाढवण्यासाठी घरचा जुना राउटर आणून लावला आणि त्यातील डीएचसीपी बंद केले नाही, की दोन सर्व्हर पत्ते वाटू लागतात. ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता संगणक घेतो. म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही.

पत्ता हाताने भरलेला असल्यास तो दुसऱ्या कोणास दिलेला नाही, याची खात्री करावी. एकच पत्ता दोन संगणकांना दिल्यास दोघांचीही जोडणी अधूनमधून तुटते.

४. पिंग

पिंग ही आज्ञा दुसऱ्या पत्त्यावर लहान संदेश पाठवून त्याचे उत्तर येते का, हे पाहते. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी ती लिहिली. पाणबुडीच्या शोधासाठी वापरल्या जाणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव मिळाले. तपासणी जवळून दूर अशी करावी.

पहिली पायरी : १२७.०.०.१ हा स्वतःचाच पत्ता. उत्तर न आल्यास प्रणालीतील जाळे-विषयक भाग बिघडलेला आहे.

दुसरी पायरी : शेजारच्या संगणकाचा पत्ता. उत्तर आल्यास केबल व स्विच ठीक आहेत.

तिसरी पायरी : गेटवेचा पत्ता. उत्तर आल्यास राउटरपर्यंतचा मार्ग मोकळा आहे.

चौथी पायरी : बाहेरील एखादा पत्ता. गेटवे उत्तर देतो, पण बाहेरून उत्तर येत नाही, असे असल्यास दोष इंटरनेट सेवेत असण्याचा संभव अधिक आहे आणि तेव्हाच सेवादात्याकडे तक्रार नोंदवावी.

पाचवी पायरी : पत्त्याऐवजी नाव. पत्त्यावरून उत्तर येते, पण नावावरून येत नाही, तर डीएनएसची मांडणी पाहावी.

विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देण्यास बऱ्याचदा मज्जाव करते. म्हणून शेजारच्या संगणकाने उत्तर दिले नाही, एवढ्यावरून तो बंद आहे असा निष्कर्ष काढू नये. पिंग केल्यानंतर लगेच ‘एआरपी’ या आज्ञेने तक्ता पाहावा. त्यात त्या पत्त्यासमोर मॅक पत्ता दिसला, तर तारेची जोडणी शाबूत असून अडथळा फायरवॉलचा आहे.

५. फायरवॉल, सामायिक फोल्डर आणि प्रिंटर

पिंग चालते, पण फोल्डर किंवा प्रिंटर दिसत नाही, ही सर्वांत सामान्य तक्रार होय. विंडोज प्रत्येक जाळ्यास ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा दर्जा देते. ‘पब्लिक’ दर्जात फाइल व प्रिंटर सामायिक करण्याची सोय बंद असते. कार्यालयाच्या स्वतःच्या जाळ्यास ‘प्रायव्हेट’ दर्जा द्यावा. पूर्ण फायरवॉल बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने दोष झाकला जातो आणि सर्व संगणक उघडे पडतात.

जुन्या व नव्या संगणकांचे मिश्रण हेही एक कारण आहे. विंडोज एक्सपीला कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी संपला. एक्सपी फाइल देवाणघेवाणीची जी जुनी पद्धत वापरते ती २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत बंद ठेवलेली असते. त्यामुळे एकाच स्विचला जोडलेले जुने आणि नवे संगणक परस्परांना ‘दिसत’ नाहीत. ती पद्धत पुन्हा चालू करण्यापेक्षा जुना संगणक बदलणे सुरक्षित ठरते. सप्टेंबर २०२१ मधील एका सुरक्षा-अद्यतनानंतर अनेक ठिकाणी सामायिक प्रिंटरची जोडणी तुटली होती. अद्यतनानंतर उद्भवलेला दोष सर्व संगणकांवर सारखाच असल्यास केबल तपासत बसू नये.

एका संगणकाची प्रत काढून प्रयोगशाळेतील सर्व संगणक तयार केले असतील, तर सर्वांचे नाव एकच राहते. नाव समान असलेले संगणक नावाने शोधता येत नाहीत. प्रत्येकास वेगळे नाव द्यावे.

विशेष दोष

केबलचा फास : एकाच केबलची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये बसवली गेल्यास संदेश गोल फिरत राहतात. काही क्षणांत स्विचचे सर्व दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकू लागतात आणि संपूर्ण जाळे ठप्प होते. साफसफाईनंतर सुटलेले टोक ‘कुठेतरी लावून ठेवले’, की हा दोष होतो. एकेक केबल काढत गेल्यास ज्या केबलनंतर दिवे शांत होतात, ती दोषी समजावी.

घड्याळातील चूक : मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली, की वीज गेल्यावर संगणकाची तारीख मागे जाते. स्थानिक जोडणी उत्तम असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकास चुकीची वाटते. हा दोष जोडणीदोषासारखा भासतो, परंतु काही रुपयांच्या बॅटरीने दूर होतो.

वाय-फाय : भिंती, लोखंडी कपाटे आणि अंतर यांमुळे संकेत क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा पल्ला अधिक असतो, पण त्यात शेजाऱ्यांची वर्दळही अधिक असते. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक आणि पल्ला कमी असतो. संकेतशब्द बदलल्यानंतर जुनी नोंद विसरण्याची सूचना देऊन नव्याने जोडावे. स्थिर टेबलावरील संगणकासाठी केबल हाच अधिक भरवशाचा मार्ग आहे.

वीज, हवामान आणि परिसर

विदर्भातील परिस्थितीमुळे काही दोष विशेषत्वाने उद्भवतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जात असताना बंद कपाटात किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले स्विच तापून वारंवार बंद पडतात. दुपारी जाळे जाते आणि सायंकाळी आपोआप येते, असा क्रम दिसल्यास उष्णतेचा विचार करावा.

पावसाळ्यापूर्वीच्या गडगडाटी वादळांत वीज जवळपास पडली, तरी लांब केबलीत क्षणिक उच्च दाब निर्माण होतो. संगणक चालू राहतो, पण नेटवर्क कार्ड किंवा स्विचचे एक-दोन पोर्ट निकामी होतात. अशा वेळी यूएसबीला जोडावयाचे लहान नेटवर्क कार्ड हा स्वस्त आणि तात्काळ उपाय आहे. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकण्याऐवजी प्रकाशतंतू वापरल्यास विजेचा झटका एका इमारतीतून दुसरीत जात नाही.

काळ्या कसदार जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ती कोरडी झाल्याने अर्थिंगचा विद्युत्-रोध वाढतो. मीठ व कोळसा घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमित पाणी घालण्याची रीत यासाठीच आहे. याशिवाय उंदीर, घुशी आणि खारी केबली कुरतडतात. म्हणून केबली पीव्हीसी पट्टीतून न्याव्यात आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात.

दोषशोधनाचे एक उदाहरण

तालुक्याच्या गावातील एका प्रयोगशाळेत २४ संगणक आणि एक परीक्षा-सर्व्हर आहे, असे मानू. सर्व्हरचा पत्ता हाताने भरलेला आहे. इतरांना राउटर पत्ते देतो. परीक्षा चालू असताना वीज जाते. संगणक, सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर असल्याने चालू राहतात. सातव्या क्रमांकाच्या संगणकाची यूपीएस-जोडणी सैल असल्याने तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सर्व्हरचे पान उघडत नाही. बाकीचे २३ संगणक व्यवस्थित चालत असल्याने दोष सातव्यातच असावा, असे वाटते.

केबलचा दिवा लागलेला आहे. पत्ता मात्र १६९.२५४ ने सुरू होतो. म्हणजे डीएचसीपीचे उत्तर आले नाही. राउटरकडे पाहिल्यावर तो यूपीएसवर नसून भिंतीच्या सॉकेटवर असल्याने बंद असल्याचे कळते. इतर संगणक चालतात, कारण त्यांच्या पत्त्याची मुदत संपलेली नाही आणि सर्व्हरशी त्यांचा संपर्क केवळ स्विचमधून होतो. त्यास राउटर लागत नाही. या वेळी ‘सगळे संगणक एकदा रीस्टार्ट करा’ असा सल्ला अमलात आणला, तर २४ ही संगणक पत्त्याविना राहतील आणि परीक्षा थांबेल. सातव्या संगणकास त्याच कक्षेतील, वाटपाच्या यादीबाहेरचा व न वापरलेला पत्ता हाताने भरणे हा तात्काळ उपाय होय. परीक्षा संपल्यावर राउटर यूपीएसवर घ्यावा आणि सातव्या संगणकाची मांडणी पूर्ववत करावी. रीस्टार्ट हा पुष्कळदा उपयोगी उपाय असला, तरी कारण कळण्यापूर्वी तो सर्वांवर लागू करू नये, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

प्रतिबंधक उपाय

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावावी. स्विच, राउटर, सर्व्हर आणि प्रिंटर यांचे पत्ते, हाताने दिलेल्या पत्त्यांची यादी आणि केबलींचा नकाशा एका वहीत लिहून ठेवावा. ही वही संगणकात ठेवल्यास जाळे बंद पडल्यावर तिचा उपयोग होत नाही, म्हणून ती कागदावर असावी. राउटरचा व्यवस्थापकीय संकेतशब्द मात्र वहीत न लिहिता जबाबदार व्यक्तीकडे स्वतंत्रपणे जतन करावा. दोष, त्याची तारीख, कारण आणि केलेला उपाय यांची नोंद ठेवल्यास तोच दोष पुन्हा आल्यावर निम्मा वेळ वाचतो आणि कर्मचारी बदलून गेला तरी त्याचे ज्ञान संस्थेत राहते.

राउटर व स्विच यूपीएसवर असावेत. एक तयार केबल, एक लहान स्विच, यूएसबीचे एक नेटवर्क कार्ड आणि कनेक्टर बसवण्याची क्रिम्पिंग पक्कड एवढे साहित्य कार्यालयात असल्यास बहुसंख्य भौतिक दोष बाहेरच्या मदतीविना दूर करता येतात. परीक्षेच्या किंवा अर्जाच्या अखेरच्या दिवसांपूर्वी सर्व संगणकांची जोडणी एकदा पडताळून पाहावी.

तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ असे न लिहिता संगणकाचा पत्ता, कोणत्या पायरीपर्यंत पिंगला उत्तर येते, किती संगणकांवर परिणाम झाला आहे आणि दोष केव्हापासून आहे, हे कळवावे. एवढ्या माहितीवरून दूरवरचा तंत्रज्ञही पुष्कळदा दूरध्वनीवरून उपाय सांगू शकतो.

हे सुद्धा पाहा

संगणक जाळे
ईथरनेट
आयपी पत्ता
राउटर
भारतनेट
आर्णी